माझ्या नावापुढे कागदी प्लेट्स

माझा डबा वॉशिंग मशीनवर ठेवला होता. साबणाच्या पुड्याशेजारी.

स्टीलचा गोल डबा, कडीचा. दौंडच्या बाजारातून यांनी आणलेला. दुकानातच ठकठक करून झाकणावर स्वतःचं नाव घालून घेतलं होतं. हे गेले, डबा राहिला. मस्कतला येताना बॅगेतून दोन साड्या काढल्या, पण डबा घेतला. त्या दिवशी त्यात शेंगदाण्याच्या पोळ्या होत्या. सकाळी लवकर उठून दाणे भाजले, कूट केलं, गूळ किसला, एकेक पोळी खरपूस भाजून वर तूप सोडलं. झाकणावरून फडकं बांधलं, घट्ट गाठ मारली आणि पाचव्या मजल्यावर घेऊन गेले. सुलभाताईंच्या घरी. शुक्रवार होता, आमच्या भगिनी मंडळाची सभा होती.

बाहेर टेबलावर सगळ्यांची भांडी मांडलेली. मसालेभात, अळूवड्या, कोशिंबीर, कुणाची खीर. माझा डबा काही दिसेना. पाणी प्यायला आत गेले, तर हा असा मशीनवर. गाठ तशीच.

मी म्हटलं, "सुलभाताई, हे बाहेर न्यायचं राहिलं वाटतं."

त्या हसल्या. फार गोड हसतात. म्हणाल्या, "अहो काकू, तुम्ही कशाला त्रास घेतलात? तुम्हाला प्लेट्स सांगितल्या होत्या ना? आता इतकं झालंय खायला. मी ठेवते हो, आम्ही उद्या घरी खाऊ."

आणि मी खूश झाले. खरं ते सांगते. साहेबांच्या घरी माझ्या पोळ्या दुसऱ्या दिवशी मुद्दाम खाणार म्हणून मी खूश झाले.

दुसऱ्या दिवशी भाजी आणायला खाली उतरले, तर शफीकभाईंनी हाक मारली. शफीकभाई आमच्या बिल्डिंगचे वॉचमन, श्रीवर्धनकडचे, माझ्याच वयाचे. त्यांच्या हातात माझा डबा. घासून लख्ख केलेला.

"आई, पोल्या एकदम बेस होत्या. घरची याद आली. पण गाठ किती घट्ट मारता? सोडता सोडता नखं गेली माझी."

गाठ त्यांनी सोडली होती. म्हणजे वर ती कुणी सोडलीच नव्हती.

मी विचारलं, "तुमच्याकडे कसा आला?"

"पाचव्या मजल्याच्या बाईंनी दिला काल सांजेला. म्हणाल्या, सेकंड फ्लोअरच्या काकूंचा आहे, रिकामा करून त्यांना द्या."

मी डबा उघडला. आत चार खजूर होते. दुसऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे श्रीवर्धनच्या माणसाला कळतं.

आता थोडं मागचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा डब्याचं काय घेऊन बसली ही म्हातारी.

मी मस्कतला आले सत्त्याण्णव साली. मुलगा मिलिंद इंजिनीअर. सून संगीता नर्स. नात प्रज्ञा तेव्हा लहान, तिला सांभाळायला मी. मस्कतच्या रुवी भागात कंपनीनं अख्खी बिल्डिंग भाड्यानं घेतलेली, तीत साहेबलोक वर आणि बाकीचे खाली. सुलभाताईंचे यजमान मिलिंदचे साहेब. दर दोन वर्षांनी मिलिंदचं कॉन्ट्रॅक्ट त्यांच्या सहीनं पुढे जायचं. सही झाली तर व्हिसा, व्हिसा असला तर घर, घर असलं तर प्रज्ञाची शाळा. सगळं त्या एका सहीला टांगलेलं.

घरात हॉलमध्ये समुद्राचं चित्र लावलेलं. बुद्धाची मूर्ती आणि बाकीचे फोटो आत बेडरूममध्ये, कपाटाच्या बाजूला. मिलिंदनंच तसे लावले होते. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "इथे कुणाला काही माहीत नाही आई. बरं चाललंय." आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही असं त्याला वाटायचं. मुलाच्या घरी आपण काय बोलायचं?

मंडळात मला सुलभाताईंनीच नेलं. "वयानं मोठं कुणीतरी हवंच आमच्यात," म्हणाल्या. मला काय वाटलं असेल ते तुम्हीच बघा. चौथीत शाळा सुटलेली बाई मी. शाळेत गुरुजी बाकीच्यांच्या पाट्या हातात घेऊन तपासायचे. माझी पाटी मी दाराशी उभी राहून वर धरायची, लांबून. गुरुजी मान हलवायचे, की झालं. बरोबर की चूक, कोण जाणे. माझ्या पाटीवरची चूक कधी कुणी पुसली नाही. म्हणून मग मीच माझी शिकले. पोस्टरं वाचली, पुडीचे कागद वाचले, वाचनालयाच्या बाहेर उभं राहून पेपर वाचला. मस्कतला आल्यावर प्रज्ञाच्या पुस्तकांवरून इंग्रजी धरलं. दुधाचे डबे वाचायचे, औषधाच्या बाटल्या वाचायचे, बसवरच्या पाट्या वाचायचे. लिहायला कागद कसले, तर मंडळाच्या याद्या.

या याद्यांचं असं की, दर महिन्याच्या सभेआधी सुलभाताई एक कागद छापून प्रत्येकीच्या दाराखालून सरकवायच्या. कुणी काय करून आणायचं त्याची यादी. जेवण सगळ्यांनी मिळून आणायचं ही पद्धत. संगीता तो कागद फ्रीजवर लावायची, सभा झाली की मी काढून घ्यायचे. मागची बाजू कोरी. त्यावर शब्द उतरवायचे, अर्थ लिहायचे. दोन वर्षांचा गठ्ठा झाला होता, सुतळीनं बांधून ठेवलेला.

आणि मंडळाची दुसरी पद्धत अशी की दरवर्षी एक विषय अभ्यासाला घ्यायचा. त्या वर्षी विषय होता 'दोन महायुद्धांच्या मधलं जग'. देशांच्या चिठ्ठ्या टाकल्या, त्या पोळ्यांच्या शुक्रवारीच. माझ्या चिठ्ठीत निघाला जपान.

एकजण म्हणाली, "काकू, मच्छी नका आणू हं जपानची."

दुसरी म्हणाली, "काकू कशाला आणतील? त्या आपल्या प्लेट्स आणतील."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मला आठवतंय, मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

डब्याचं मी मनातल्या मनात मिटवलं. म्हटलं, खूप उरलं असेल. त्यांच्या घरी कुणाला शुगर असेल. अपमान झाला हे मान्य करायला मला नेहमी दोन-चार दिवस लागतात. आधी मी समोरच्याच्या वतीनं कारणं शोधून देते. जुनी खोड आहे.

मग जपानला लागले. मिलिंद ऑफिसमधून इंटरनेटवरचे कागद छापून आणायचा. त्यालाही कौतुक होतं तेव्हा. प्रज्ञा सातवीत. ती इंग्रजीतून वाचायची, मी डिक्शनरी घेऊन बसायचे. तिचं मराठी अडखळत, माझं इंग्रजी लंगडत. अशा आम्ही दोघी जपानला निघालो.

आधी भूकंप भेटला. तेवीस सालचा. तोक्योच्या बाजूला सगळं पडलं आणि जळलं. आणि मग अफवा उठली की कोरियातून आलेले मजूर विहिरींत विष घालतायत. लोकांनी काठ्या, भाले घेतले. बाहेरून पोट भरायला आलेली ती माणसं धरून धरून मारली. मी प्रज्ञाला म्हटलं, थांब जरा. विहीर कुणी बाटवली हे ठरवायला कुठल्याच देशात वेळ लागत नाही.

मग एक म्हातारा पंतप्रधान भेटला. बत्तीस साली तरुण नौदलाचे अधिकारी बंदुका घेऊन त्याच्या घरात शिरले. तो म्हणे त्यांना सांगत होता, बसा, बोललं तर समजेल. त्यांनी गोळ्या घातल्या. त्याच्या आधी एक पंतप्रधान रेल्वे स्टेशनवर भोसकला होता. मी म्हटलं, बाई, हा कसला देश, इथे मोठमोठ्यांना बोलू देत नाहीत.

आणि मग एके दिवशी प्रज्ञा वाचता वाचता थांबली.

"आजी, अनटचेबल म्हणजे? यांना टच केलं तर काय होतं?"

मी म्हटलं, "कुणाला?"

"हे जॅपनीज लोक. लेदरचं काम करणारे."

मी कागद हातात घेतला. डिक्शनरी बाजूला ठेवली. तिथे मला डिक्शनरी लागली नाही.

मेलेली जनावरं ओढणारे, चामडं कमावणारे. पिढ्यान्‌पिढ्या. वस्ती वेगळी. लग्न वेगळं. त्यांना जे नाव होतं त्याचा अर्थच घाणीनं भरलेले. पुढे सरकारनं हुकूम काढला की आता सगळे सारखे. तर गावच्या नोंदीत त्यांच्या नावापुढे 'नवी साधी माणसं' असं लिहायला लागले. म्हणजे ओळखू येणारच. मी परकरात होते तेव्हा माझ्या आईवडिलांनी दीक्षा घेतली. मला आता पणतू होतील, तरी दाखल्यावर आम्ही अजून 'नवबौद्ध' आहोत. किती वर्षं नवे राहायचं?

प्रज्ञा म्हणाली, "पण आजी, जपान तर बुद्धिस्ट आहे ना? आपल्यासारखा?"

तिथे मी पार बसले. मला वाटायचं, बुद्धाच्या देशात हे नसणार. आम्ही ज्या दारात गेलो त्या दारापलीकडे हे नसणार. तर कागदात लिहिलेलं, ही माणसं मेली की काही देवळांतले भिक्षू त्यांना मरणानंतरचं जे नाव द्यायचे, त्यात जनावर अशा अर्थाचं अक्षर घालायचे. मेल्यावरसुद्धा. दगडावर कोरून. मी दोन दिवस त्या कागदाला हात लावला नाही. आतल्या खोलीतल्या मूर्तीकडे बघून मनात भांडले.

तिसऱ्या दिवशी पुढचं वाचलं. पहिलं युद्ध संपून तीन-चार वर्षं झालेली. बावीस साली क्योतो शहरात त्या लोकांनी स्वतःची सभा भरवली. कुणी दयाळू माणसानं भरवून दिली नाही. त्यांनी स्वतः. एक सोळा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि शाळेत आपल्याशी कसं वागतात ते सांगता सांगता रडायला लागला. सभा रडली. एक बाई उभी राहून बोलली. ज्या नावानं लोक शिवी देतात तेच नाव आम्ही मान वर करून घेणार, असं त्यांनी ठरवलं. काळा झेंडा केला, त्यावर लाल रंगात काट्यांचा मुकुट. आणि एक पद्धत पाडली. कुणी अपमान केला की घरी बसून रडायचं नाही. त्याच्या दारात जायचं. तू असं का म्हणालास, हे विचारायचं. माफी लिहून घ्यायची. काही वेळा ती पेपरात छापायला लावायची.

मी प्रज्ञाला हे तीनदा वाचायला लावलं. ती कंटाळली.

शाळेतल्या त्या मुलावर मी एक पान लिहिलं. गुरुजींचं, पाटीचं त्यात काही घातलं नाही. पण लिहिताना हात दाराशीच होता, पाटी वर धरलेला.

मंडळात भाषण आधी सुलभाताईंना दाखवायची पद्धत होती. मी फुलस्केपवर सुवाच्य लिहून वर घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि माझे कागद हातात घेतले. एम.ए. झालेली बाई माझं लिहिलेलं हातात धरून वाचतेय. वेलांटी सुधारतेय. 'इथे स्वल्पविराम द्या हं काकू,' म्हणतेय. साठीला आले होते मी, आणि जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझी चूक पुसत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. डबा, वॉशिंग मशीन, सगळं विसरले.

मग त्यांनी दोन पानांवर आडवी रेघ मारली.

"हे नको."

"कुठलं?"

"हे चामड्याबिमड्याचं. भूकंप छान आहे, पण ते विहिरीचं काढा. पंतप्रधानाची गोष्ट मस्त झालीय, ती लांबवा. आणि जपानी बायकांनी मत मागितलं, त्याबद्दल थोडं घाला. हे नको. सगळ्यांचा मूड जातो."

मी म्हटलं, "पण हे त्याच काळातलं आहे. झालेलं आहे."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. आवाज खाली आणला. "काकू, गैरसमज नका करून घेऊ. पण तुमच्या तोंडून हे आलं तर बायका काय अर्थ काढतील? उगाच लक्ष जाईल. आम्ही काही मानत नाही हो तसलं. मानलं असतं तर तुम्हाला मंडळात घेतलं असतं का?"

मिलिंद म्हणत होता, कुणाला माहीत नाही.

मी कागद गोळा केले. "बरं," म्हटलं. बरं. तो शब्द अजून मला जिभेवर कडू लागतो. आणि जाता जाता विचारलं, "या खेपेला काय आणू?"

"तुम्ही प्लेट्स आणा. नेहमीसारख्या."

खाली आले आणि मुकाट्यानं भाषण नव्यानं लिहायला बसले. दोन पानं सोडून. टिपणांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, कागद जमिनीवर पसरले. प्रज्ञा बाजूला लोळत कागद उलटेपालटे करत होती.

"आजी, प्रत्येक पेजवर तुझं नाव आहे."

"असणारच. मंडळात आहे मी."

"पण सगळीकडे पेपर प्लेट्स. बघ. पेपर प्लेट्स. प्लॅस्टिक स्पून्स. वॉटर बॉटल्स. पेपर प्लेट्स. तुला कुकिंग येत नाही असं सांगितलंस का तू त्यांना?"

मी एकेक कागद उलटा केला. एका बाजूला माझ्या अक्षरात जपान, दुसऱ्या बाजूला छापलेली यादी. सगळ्यांच्या नावापुढे दर महिन्याला पदार्थ बदललेला. एकीला भात, मग वडे, मग भाजी. माझ्या नावापुढे दुकानातनं आणायचं आणि सीलबंद. दोन वर्षं. एकदाही ज्याला माझा हात लागेल असं काही नाही. मला वाटायचं, वय झालंय म्हणून सोपं काम देतात. दौंडला बहिणीला पत्रात लिहिलं होतं मी, इथल्या बायका मला फार जपतात. कष्ट पडू देत नाहीत.

मी दोन वर्षं स्वतःच्या हातानं ती पाकिटं विकत आणली, लिफ्टमधून वर नेली, फोडून मांडली. आपल्या अपमानाचं सामान मीच पोचवत होते.

संगीता ड्युटीवरून आली. तिला गठ्ठा दाखवला. तिनं पर्सही खाली ठेवली नाही. उभ्याउभ्या म्हणाली, "मला माहीत होतं, आई. मी दोनदा गेले होते तुमच्या आधी. मला कोल्ड्रिंक सांगायचे. म्हणून तर शुक्रवारची ड्युटी मागून घेतली."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही इतक्या आनंदानं जायचात."

मिलिंदला सांगितलं तर तो चिडला. माझ्यावर. "खलास कर ना विषय, आई. प्लेट्स तर प्लेट्स. जपानचं काय पडलंय आपल्याला? पुढच्या महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूला आहे. साहेबांची सही हवीय. तू भाषण नीट कर नाहीतर आजारी आहे म्हणून सांग."

"तू म्हणायचास, इथे कुणाला माहीत नाही."

"नाहीच माहीत."

"माहीत आहे. म्हणून तर प्लेट्स."

त्यानं रिमोट उचलला. टीव्ही लावला. माझा मुलगा वाईट नाही. दिवसभर उन्हात साइटवर उभा राहतो, अर्बाबची, म्हणजे अरब मालकाची, बोलणी खातो, घरी पैसे पाठवतो. भ्यायला त्याच्याकडे पुष्कळ कारणं होती. पण माझ्यासमोर प्रज्ञा बसली होती. यादी हातात घेऊन. ती उत्तराची वाट बघत होती, आणि मी तिला आणखी एक खोटं कारण देऊ शकत होते. तोंडाशी आलंही होतं. 'अगं, आजीला सोपं काम.' माझ्या आईनंही मला अशीच दिली होती कारणं. गुरुजींना लांबचं चांगलं दिसतं, म्हणाली होती.

मी तिला सगळं सांगितलं. पाटीपासून.

सभेच्या शुक्रवारी मी पोळ्या केल्या. प्लेट्स आणल्या नाहीत. पाचव्या मजल्यावर गेले, कुणाला न विचारता डबा टेबलाच्या मधोमध ठेवला, गाठ स्वतः सोडली, झाकण काढलं. सुलभाताई आतबाहेर करत होत्या. त्यांनी पाहिलं.

"आता काकू आपल्याला जपानची सफर घडवतील," म्हणाल्या.

मी भूकंप सांगितला. विहीर सांगितली. पंतप्रधान सांगितले. मग रेघ मारलेली दोन पानं काढली आणि वाचली. सगळी. चामडं, वस्ती, 'नवी माणसं', देवळातली नावं, क्योतो, रडणारा मुलगा, काळा झेंडा. शेवटी म्हटलं, "हे मला समजायला वेळ लागला नाही, कारण मी तशाच घरातली आहे. आमच्या दौंडकडच्या." आणि बसले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई घड्याळाकडे बघत होती.

सुलभाताई म्हणाल्या, "छान. चला, जेवून घेऊ या, गार होतंय सगळं. काकू, प्लेट्स?"

"नाही आणल्या."

"विसरलात?"

"नाही. आणल्या नाहीत."

सगळ्या उभ्या. टेबलावर भांडी वाफाळतायत आणि खायला कुणाच्या हातात काही नाही. मग सुलभाताईंनी ओट्याखालून घरच्या स्टीलच्या ताटल्या काढल्या. एकेकीला दिल्या. मी बघत होते. सगळ्यांना पुरून दोन ताटल्या ओट्यावर उरल्या. मला वाटलं, आता माझी. त्यांनी ड्रॉवर उघडला, मागच्या खेपेची उरलेली एक कागदी प्लेट काढली आणि माझ्यापुढे धरली.

"तुम्हाला ही हलकी बरी, काकू. स्टीलची जड होते हाताला."

तोपर्यंत मी शोधली असती अजून कारणं. एवढं कळूनही, बघा. ती प्लेट पुढे आली आणि माझ्यातलं कारणं शोधणारं जे काही होतं ते मेलं.

मी पिशवीतून गठ्ठा काढला. म्हटलं, "या दोन वर्षांच्या याद्या आहेत. माझ्या नावापुढे रांधायचं एकदाही नाही. का? आणि ओट्यावर दोन ताटल्या आहेत, त्यातली मला का नाही?"

"काकू, किती लहानशी गोष्ट आहे."

"लहान आहे तर सांगा ना. का?"

खीर आणणारी खिडकीबाहेर बघत होती. मच्छीचा विनोद करणारी तर मोबाइलमध्ये शिरली. मी कागदी प्लेट टेबलावर ठेवली, डब्याला झाकण लावलं आणि खाली आले. पोळी कुणी घेतली नव्हती. एकही नाही. शफीकभाईंना दोन दिल्या, उरलेल्या आम्ही घरी खाल्ल्या. प्रज्ञानं तीन खाल्ल्या.

यातून काय झालं? सांगण्यासारखं काही नाही. त्याचीच चीड येते. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं, पण मिलिंदला सोहारच्या साइटवर धाडलं. घर आठवड्यातून एकदा बघायचा. कारण कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. मला म्हणाला, "झालं तुझं समाधान?" नव्हतं झालं. याद्या आमच्या दाराखाली येणं बंद झालं. दोघीजणी एकेकट्या येऊन गेल्या. दार लोटून घेत, हळू आवाजात, "काकू, पटलं हो आम्हाला." मी म्हटलं, तिथे का नाही बोललात? तर म्हणाल्या, "तुम्हाला माहितीय ना सुलभाताईंचं." मी म्हटलं, मला तुमचंही माहीत झालं आता.

क्योतोच्या लोकांची पद्धत मी सोडली नाही. पुढच्या शुक्रवारी वर गेले. लिफ्टनं नाही, जिन्यानं. गुडघे ओरडत होते. बेल वाजवली. सुलभाताईंनी दार अर्धं उघडलं. मी यादी पुढे केली आणि म्हटलं, "माझ्या नावाच्या खाली लिहून द्या. का ते." त्यांनी दार लावलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी परत गेले. नंतर त्या आतून बघायच्या आणि उघडायच्या नाहीत. मी बाहेर उभी राहून मोठ्यानं तेच विचारायचे, आणि खाली यायचे. त्यांच्या यजमानांची बदली होऊन ते लोक दुबईला गेले, तोवर मी दर शुक्रवारी गेले. लिहून मिळालं नाही. माफी तर नाहीच.

हॉलमधलं समुद्राचं चित्र मी काढलं. मूर्ती आणि फोटो बाहेर आणून लावले. मिलिंद सोहारहून आला, बघत उभा राहिला. खिळा वाकडा लागलाय म्हणाला. सरळ केला नाही, पण काढलाही नाही.

आता मी दौंडला आहे. गठ्ठा माझ्याकडे आहे. सुतळी बदलली. इथेही हळदीकुंकू असतं, सोसायटीची सहल असते, गणपतीचा प्रसाद असतो. इथेही कुणीतरी गोड हसून म्हणतं, आजी, तुम्ही काही करू नका, तुम्ही फक्त प्लेट्स आणा. मी बरं म्हणत नाही. कारणं शोधत नाही. खुर्चीवर बसते, पाय लांब करते आणि विचारते, बाकीच्यांना काय आणायला सांगितलंत? यादी दाखवा.

ती दाखवेपर्यंत मी उठत नाही.